महाराष्ट्रातील ब्लूज आणि ब्लूज-रॉक

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील आफ्रिकी-अमेरिकी समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आलेला गानप्रकार असून, ब्लूज-रॉक ही त्याच्या पायावर १९६० च्या दशकात उभी राहिलेली विद्युत गिटारप्रधान शैली आहे. महाराष्ट्रात या संगीताचा रसिकवर्ग प्रामुख्याने मुंबई व पुणे या शहरांत तयार झाला. येथील बहुतेक श्रोत्यांना आधी रॉक भेटले आणि त्यामागचे ब्लूज नंतर उमगले. कृष्णवर्णीय अमेरिकेची ओळख महाराष्ट्राला साहित्य व सामाजिक चळवळ या आणखी एका वाटेनेही झाली. मात्र या दोन वाटांवरचे प्रवासी बराच काळ एकमेकांना अपरिचित राहिले.

स्वरूप

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी मिसिसिपी व आसपासच्या राज्यांतील कृष्णवर्णीय शेतमजूर आणि वाटेकरी कर्ज, दारिद्र्य व वर्णभेद यांत अडकून राहिले. कापसाच्या शेतातील हाळ्या, श्रमगीते आणि चर्चमधील भक्तिगीते यांतून ब्लूजची घडण झाली. एकट्याने गिटार घेऊन स्वतःचे दुःख, विरह, स्थलांतर, प्रसंगी थट्टा आणि शृंगारही गाण्यात मांडणे हे त्याचे मूळ रूप होय.

ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा खंडांचा असतो. प्रत्येक खंडात चार ठोके, म्हणजे एक आवर्तन अठ्ठेचाळीस ठोक्यांचे. षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेले तीन स्वरसंघ या आवर्तनात ठरावीक क्रमाने येतात: पहिले चार खंड षड्जाचे, पुढचे दोन मध्यमाचे, मग दोन षड्जाचे, त्यानंतर एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जाचे. कडव्यात बहुधा तीन ओळी असतात. पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन गायकाला प्रतिसाद देतो.

ब्लूजमधील गंधार, पंचम व निषाद हे स्वर किंचित उतरवून, अनेकदा दोन स्वरांच्या मधोमध लावले जातात. गिटारची तार बोटाने ताणून किंवा तारेवरून काचेची अथवा धातूची नळी सरकवून हा परिणाम साधतात. मींड व आंदोलन यांची सवय असलेल्या भारतीय कानाला हे स्वर परके वाटत नाहीत. तसेच, गायकाच्या ओळीला मिळणारे उत्तर पोवाड्यात शाहिराला साथ देणाऱ्या झीलकऱ्यांची आठवण करून देते. हे साम्य मात्र ऐकण्याच्या पातळीवरचे आहे. त्यावरून दोन परंपरांमध्ये ऐतिहासिक संबंध असल्याचे सिद्ध होत नाही.

ब्लूज, गॉस्पेल, कंट्री, अपालाचियन पर्वतप्रदेशातील लोकगीते, लुईझियानातील केजन व झायडेको अशा प्रकारांना मिळून अमेरिकेत ‘रूट्स’ म्हणजे मुळांचे संगीत म्हणतात.

ब्लूजपासून ब्लूज-रॉकपर्यंत

डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ पासून ब्लूजच्या रचना स्वरलिपीत छापल्या आणि १९२० मध्ये मॅमी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिकेला मोठे यश मिळाले. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ व १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली २९ गाणी पुढील पिढ्यांच्या गिटारवादकांची पाठ्यपुस्तके ठरली. दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय कामाच्या शोधात उत्तरेकडील औद्योगिक शहरांत गेले, तेव्हा ब्लूजही त्यांच्याबरोबर गेला. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला पोहोचले. तेथील गजबजलेल्या मद्यालयांत साध्या गिटारचा आवाज ऐकू येईना, म्हणून विद्युत गिटार, ढोलसंच व माउथ ऑर्गन यांचा संच रूढ झाला.

या ध्वनिमुद्रिका ब्रिटनमधील तरुणांच्या हाती पडल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे नावच मडी वॉटर्स यांच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे. जॉन मेयॉल, एरिक क्लॅप्टन व पुढे लेड झेपेलिन यांनी, तर अमेरिकेत पॉल बटरफील्ड, ऑलमन ब्रदर्स आदींनी ब्लूजला रॉकचा वेग व आवाज दिला. मूळ कृष्णवर्णीय गायकांना आपल्याच देशात उशिरा मिळालेली कीर्ती अंशतः या गौरवर्णीय अनुयायांमुळे मिळाली. श्रेय व मानधनाच्या न्याय्य वाटणीचा वाद मात्र तेव्हापासून चालू आहे.

महाराष्ट्रातील आगमन

मुंबईत आफ्रिकी-अमेरिकी संगीत प्रथम जॅझच्या रूपाने आले. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे वादकही शहरात आले. त्यांच्याकडून अनेक गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात केली. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात हा कालखंड तपशीलवार आला आहे.

हॉटेलाबाहेरच्या मराठी श्रोत्यांपर्यंत हे सूर हिंदी चित्रपटांनी पोहोचवले. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या सहकार्याने पाश्चात्त्य नृत्यसंगीत चित्रपटगीतांत आणले. १९५१ चा ‘अलबेला’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. याच दशकात रेडिओ सिलोन आणि व्हॉईस ऑफ अमेरिका या लघुलहरींवरील केंद्रांमुळे शहराबाहेरही पाश्चात्त्य संगीत ऐकू येऊ लागले. मुंबईतील वांद्रे भागात आणि गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये जिम रीव्ज यांच्यासारख्या कंट्री गायकांची गाणी इतकी रुजली की, ती घरगुती समारंभांचा भाग बनली.

रॉकचा काळ

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महाविद्यालयीन तरुणांचे अनेक रॉक वाद्यवृंद निघाले. इम्पीरियल टोबॅको कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. पुणे जिल्ह्यातील मळवली येथे १९७१ मध्ये ‘स्नेहयात्रा’ हा उघड्या माळावरचा संगीतमेळा झाला. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन आपल्या दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्या अधिकृतरीत्या २०१५ मध्ये प्रकाशित झाल्या. याच भेटीत त्यांनी कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या नृत्यगृहात हौसेखातर वादनही केले.

आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी ध्वनिमुद्रिका व वाद्ये दुर्मीळ होती. एकच तबकडी अनेक घरांत फिरे आणि तिच्यावरून कॅसेट भरून घेतल्या जात. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ हे दुकान संगीतप्रेमींचे भेटीचे ठिकाण होते. ते २०१६ मध्ये बंद झाले. तबकडीच्या वेष्टनावर गीतकार म्हणून छापलेली विली डिक्सन, रॉबर्ट जॉन्सन ही नावे वाचून चौकस श्रोते रॉककडून मागे, ब्लूजकडे वळत. प्रवासाची ही उलटी दिशा येथील रसिकतेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

धोबीतलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह या संगीताचे प्रमुख व्यासपीठ ठरले. १९७८ मध्ये सुरू झालेली ‘जॅझ यात्रा’ आणि १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ यांमुळे त्याची कीर्ती झाली. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रुग्णालये व शिक्षणसंस्थांभोवतीचा परिसर शांतता क्षेत्र ठरल्यावर २००० नंतरच्या दशकात तेथील मैफली थांबल्या. रोलिंग स्टोन्सचा मुंबईतील कार्यक्रम एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला.

गिरणगाव ते महोत्सव

२००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह सुरू झाले. ब्लूज, जॅझ व स्वतंत्र रचनांचे रॉक येथे नियमितपणे सादर होई. २०१६ मध्ये ते बंद पडले. या स्थळाला एक सामाजिक पार्श्वभूमी आहे. कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांचे गिरणगाव ते हेच. येथे अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकापासून श्रमिकांची गाणी गायली. गाव सोडून मुंबईस आलेल्या पुरुषाचा विरह सांगणारी अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ आणि शिकागोस गेलेल्या शेतमजुरांचे ब्लूज यांचा विषय एकच आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्यांच्या आवारांत नवी कार्यालये, उपाहारगृहे व संगीतगृहे आली. श्रमिकांच्या वेदनेतून जन्मलेले परदेशी संगीत गिरणगावात पोहोचले, तेव्हा तेथील श्रमिकांचे स्वतःचे गाणे त्या जागेतून हद्दपार झाले होते.

२०११ पासून वांद्रे येथील मेहबूब स्टुडिओत फेब्रुवारी महिन्यात ‘महिंद्रा ब्लूज महोत्सव’ भरू लागला. पहिल्याच वर्षी आलेले बडी गाय पुढे अनेकदा येथे गायले. लुईझियानातील वाटेकरी कुटुंबात १९३६ मध्ये जन्मलेल्या आणि लहानपणी कापूस वेचलेल्या या गायकामुळे मुंबईतील श्रोत्यांना ब्लूजच्या उगमकाळाशी जिवंत दुवा मिळाला. ताजमहाल या नावाने गाणारे कलावंत, टेडेस्की ट्रक्स बँड व जॉन मेयॉल यांनीही महोत्सवात हजेरी लावली. यांपैकी ताजमहाल यांनी पं. विश्वमोहन भट्ट व एन. रविकिरण यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले आहे, तर डेरेक ट्रक्स यांच्या गिटारवादनावर उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाचा प्रभाव आहे. करोना साथीमुळे पडलेल्या खंडानंतर २०२३ मध्ये महोत्सव पुन्हा झाला. भारतीय कलावंतांत शिलाँगचा ‘सोलमेट’, तसेच मुंबईतील वॉरेन मेंडोन्सा यांचा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ आणि ‘कांचन डॅनियल अँड द बिअर्ड्स’ हे उल्लेखनीय आहेत. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ या महोत्सवाने स्वतंत्र रॉकला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला.

साहित्याची वाट

इंग्रजी शिकलेला शहरी वर्ग कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकत असताना, मराठवाड्यातील दलित विद्यार्थी व लेखक कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा रुजवली. जनार्दन वाघमारे यांनी या साहित्यावर मराठीत ग्रंथलेखन केले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले.

लँग्स्टन ह्यूज यांच्यासारख्या कवींनी ब्लूजची बांधणी थेट कवितेत वापरली आहे. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या कवितेकडे गेलेल्या वाचकाला ब्लूज छापील शब्दांतही भेटतो. तरीही लेड झेपेलिन वाजवणारे मुंबईकर आणि ब्लॅक पँथरवरून स्फूर्ती घेणारे मुंबईकर एकाच वर्षी, एकाच शहरात असूनही वेगळ्या जगांत वावरत होते. जात, भाषा आणि आर्थिक स्थिती यांच्या भिंती त्यांच्यामध्ये होत्या. अलीकडच्या काळात ‘धम्म विंग्ज’सारख्या गटाने बुद्ध-आंबेडकरी आशयाची गाणी रॉकच्या साजात सादर करून ही दरी ओलांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मुळांचे संगीत आणि नंदुरबार

रूट्स संगीत ही कल्पना महाराष्ट्राला लावल्यास ओवी, शाहिरी, भारुड, वासुदेव, गोंधळ आणि आदिवासी गीतपरंपरा नजरेसमोर येतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा आदी समाजांची गाणी, ढोल आणि बासरी यांचे संगीत येथे सण-उत्सवांशी बांधलेले आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीत मोरपिसांचे टोप घातलेले व कमरेला भोपळे, घुंगरू बांधलेले बावा-बुध्या रात्रभर मोठ्या ढोलांच्या ठेक्यावर नाचतात.

अमेरिकी रूट्स संगीत जगभर पोहोचले, त्यामागे गायकांइतकेच संग्राहकांचेही श्रम आहेत. ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी मिसिसिपीतील एका शेतमळ्यावर मडी वॉटर्स यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. स्वतःचे गाणे यंत्रातून ऐकल्यावर या ट्रॅक्टरचालकास आपण व्यावसायिक गायक होऊ शकतो असा विश्वास वाटला. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संग्रहात प्रसिद्ध होत आहेत. जाते घराघरांतून गेले, पण ओवी लेखी व ध्वनिरूपाने उरली, ती या कामामुळे.

सातपुड्यातील गीतांची निकड तशीच आहे. ही गीते भिली कुळातील बोलींत असून मुख्यतः मौखिक आहेत. शाळेची भाषा, कामासाठी गुजरातेत होणारे हंगामी स्थलांतर आणि ध्वनिक्षेपकांवरील तयार गाणी यांमुळे ती पुढच्या पिढीस जशीच्या तशी मिळतील, असे गृहीत धरता येत नाही. मिसिसिपीतील शेतमजुराचे गाणे मुंबईत ऐकले जाते, कारण ते कोणीतरी वेळेवर नोंदवले, गायकाच्या नावासह जपले आणि नव्या वाद्यांवर वाजवले. ब्लूजच्या इतिहासाचा महाराष्ट्रातील श्रोत्यांस व विद्यार्थ्यांस होणारा उपयोग प्रामुख्याने हाच आहे.

हेही पहा

जॅझ
रॉक संगीत
शाहिरी
जात्यावरील ओवी
दलित पँथर
काठीची होळी