इंजिन तापते म्हणून कंपनीने गाडी परत बोलावली, तर मालकाने काय करावे?

मोटार कंपनीने विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची बातमी आता वर्तमानपत्रांत नेहमी येते. 'रिकॉल' हा शब्दही सर्वांच्या तोंडी बसला आहे. अशी बातमी आली की गाडीमालकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, कंपनीने फसवले, आता ही गाडी कवडीमोल झाली. दुसरा म्हणतो, माझी गाडी तर ठणठणीत चालते, उगाच शोरूमच्या खेपा कशाला? आमच्या मते दोघेही चुकतात. आणि या चुकीची किंमत आगरदांडा, मुरुड, दिघी, श्रीवर्धन या पट्ट्यातील मालकाला मुंबईच्या मालकापेक्षा जास्त मोजावी लागते. ती कशी, हे येथे पाहू.

इंजिन तापते म्हणजे काय होते?

इंजिनात इंधन जळते, त्याची सगळी उष्णता चाकांपर्यंत पोहोचत नाही. उरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी इंजिनाभोवती कूलंट फिरत असते. वॉटर पंप ते फिरवतो, थर्मोस्टॅट त्याची वाट उघडतो, रेडिएटरमध्ये ते थंड होते आणि पंखा त्याला हवा देतो. यातील एक कडी तुटली तरी काटा वर चढू लागतो. चालक वेळीच थांबला तर दोनशे-चारशे रुपयांच्या पाइपवर काम भागते. तसाच दामटत राहिला तर हेड गॅस्केट जाते, सिलिंडर हेड वाकते किंवा त्याला तडा जातो आणि शेवटी इंजिन जाम होते. तडा गेलेल्या जागेतून तेल झिरपले आणि ते तापलेल्या भागावर पडले, तर आग लागू शकते.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टींची भर पडते. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळ्या आणि पंख्याचे वायरिंग लवकर सडते. शिवाय कूलंट संपले की जवळच्या विहिरीचे मचूळ पाणी ओतण्याची सवय आहे. त्या पाण्याचा क्षार आत बसतो आणि वाट अरुंद करतो. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत, भर दुपारी एसी चालू ठेवून गाडी तासभर उभी राहिली, तर पंख्याची खरी परीक्षा तेथेच होते.

ही झाली वापरातली कारणे. पण कधी कधी दोष कारखान्यातूनच येतो. मालक कितीही काळजी घेवो, गाडी तापतेच. अशा वेळी प्रश्न गॅरेजचा राहत नाही, कंपनीचा होतो.

दक्षिण आफ्रिकेतील उदाहरण

याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेत घडले. तो देश आपल्याला परका नाही. हबसाणातील आणि रत्नागिरीकडील कितीतरी कोकणी मुस्लिम घराणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केपटाऊनला गेली आणि तेथेच रुजली. त्या देशात फोर्ड कंपनीची 'कुगा' ही १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची गाडी विकली जात होती. रस्त्यात चालता चालता गाडीतून धूर यायचा, ज्वाळा दिसायच्या, मालक बाहेर उड्या टाकायचे. डिसेंबर २०१५ मध्ये, केपटाऊन ज्या प्रांतात आहे त्याच वेस्टर्न केप प्रांतात, एका तरुणाचा जळत्या कुगामध्ये मृत्यू झाला. त्या आगीचे नेमके कारण काय, यावर कंपनी आणि त्याचे कुटुंब यांच्यात पुढे दीर्घकाळ वाद चालला.

कुटुंब गप्प बसले नाही, इतर मालकही पुढे आले. अखेर १६ जानेवारी २०१७ रोजी, तेथील राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या दबावानंतर, कंपनीने ४,५५६ गाड्या परत बोलावल्या. तोपर्यंत आगीच्या घटना सुमारे ४० झाल्या होत्या. कंपनीने कारण सांगितले ते असे : कूलंट नीट फिरत नाही, इंजिन तापते, सिलिंडर हेडला तडा जातो, तेल गळते आणि गरम भागावर पडून पेट घेते.

मालकांची प्रतिक्रिया समजण्यासारखी होती. काहींनी गाडी चालवणेच बंद केले. काहींना दुरुस्ती नको होती, पैसे परत हवे होते. कर्जाचे हप्ते चालू आणि गाडीला गिऱ्हाईक नाही, अशा कात्रीत बरेच जण सापडले. सर्वांत मोठा राग होता तो उशिराचा. याच मापाच्या इंजिनाच्या गाड्या कंपनीने अमेरिकेत २०१२ मध्येच तापण्याच्या कारणावरून परत बोलावल्या होत्या. मग आमची पाळी यायला २०१७ का उजाडावे लागले, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे २०१९ मध्ये आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने साडेतीन कोटी रँड दंड भरण्याचे आणि तक्रारदारांना प्रत्येकी ५० हजार रँड देऊ करण्याचे मान्य केले.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा असा की, ज्यांनी लेखी तक्रार केली होती, त्यांचीच नावे आयोगाच्या यादीत होती. घरी बसून चडफडणाऱ्याच्या हाती काही लागले नाही.

आपल्याकडील नॅनो

आपल्या राज्यातील उदाहरण टाटा नॅनोचे. मार्च २००९ मध्ये मुंबईत ही गाडी बाजारात आली. ६२४ सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन मागच्या बाजूला बसवले होते. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका नव्याकोऱ्या नॅनोने शोरूममधून घरी नेतानाच पेट घेतला. इतरत्रही अशा काही घटना झाल्या. कंपनीने चौकशी केली आणि सांगितले की रचनेत दोष नाही. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे किंवा एक्झॉस्टवर अडकलेली बाहेरची वस्तू, ही कारणे आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली, पण हे रिकॉल नव्हे, असे आवर्जून सांगितले. त्या महिन्यात नॅनोची विक्री अवघी ५०९ गाड्यांवर आली. डिसेंबरमध्ये कंपनीने वॉरंटी १८ महिन्यांवरून चार वर्षे किंवा ६० हजार किलोमीटर इतकी वाढवली आणि जुन्या मालकांनाही ती लागू केली. तरी लोकांच्या मनातली भीती पुरती गेली नाही. २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले. त्याला आणखीही कारणे होती, पण आगीच्या बातम्यांचा डाग शेवटपर्यंत राहिला.

त्या वेळी भारतात रिकॉलचा कायदाच नव्हता. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेने पाळायची नियमावली केली. सक्ती मात्र कोणावरच नव्हती.

आता कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. ही तक्रार केंद्र सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदवता येते. किती तक्रारी लागतील, हे त्या गाडीच्या वार्षिक विक्रीवर ठरते. गाडी सात वर्षांच्या आतील हवी. कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, असे कायदा म्हणतो. सक्तीचे रिकॉल झाले तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. कंपनीने स्वतःहून दोष कबूल करून गाड्या बोलावल्या तर दंड माफ आहे.

म्हणून आता कंपन्या स्वतःहून लवकर बोलतात. जुलै २०२१ मध्ये महिंद्रा कंपनीने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारखान्यात आलेले इंधन दूषित होते, त्याने इंजिनाचे भाग लवकर झिजण्याची शक्यता होती. म्हणजे तेच मॉडेल, तोच रंग, पण १५ जूनची गाडी त्यात नाही आणि २५ जूनची असू शकते. तेव्हा 'अमुक कंपनीच्या गाड्या खराब' असा बोभाटा करण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीचा चासी नंबर त्या यादीत आहे का, एवढाच प्रश्न आहे.

सेकंडहँड गाडीची अडचण

येथेच आपल्या भागाची खरी अडचण सुरू होते. कोकणात मुंबई-ठाण्याहून आणलेल्या सेकंडहँड गाड्या पुष्कळ आहेत. रिकॉलचे पत्र किंवा फोन कंपनीच्या दप्तरी ज्याचे नाव-पत्ता आहे त्याला जातो, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाला. तो ते पत्र फाडून टाकतो. इकडे दुसरा किंवा तिसरा मालक दर दोन महिन्यांनी रेडिएटर साफ करतो, हेडचे काम काढतो, पैसे ओततो. जे काम कंपनी फुकट करून देणार होती, त्यासाठी हा उसनवारी करतो. गाडी नावावर करून घेतलेली नसेल तर मग विचारायलाच नको.

रिकॉलची दुरुस्ती ही गाडीची असते, पहिल्या मालकाची नव्हे. वॉरंटी संपली म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. सेकंडहँड गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, तसाच चासी नंबर कंपनीच्या वर्कशॉपला कळवून 'या गाडीचे एखादे रिकॉलचे काम बाकी आहे का' हे विचारून घ्यावे. गाडी विकणाऱ्यानेही ते सांगावे. ऐब लपवून माल विकायचा नाही, हे आपल्या व्यापाऱ्यांना वेगळे शिकवायला नको.

धंद्याची गाडी आणि ग्राहक कायदा

मासळीचा टेंपो किंवा भाड्याची रिक्षा असेल तर एक शंका हमखास निघते : धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक 'ग्राहक' ठरतो का? कायद्यात धंद्यासाठी केलेली खरेदी वगळली आहे हे खरे. पण स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ती अट लागत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. स्वतः रिक्षा चालवून रोजी कमावणारा ग्राहक ठरतो. त्या खटल्यातील यंत्र मात्र मोठ्या व्यवसायासाठी होते, म्हणून तक्रारदार हरला. तेव्हा एक टेंपो स्वतः चालवणाऱ्याची बाजू भक्कम आहे. पगारी चालक ठेवून चार टेंपो फिरवणाऱ्याने आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. कंपनीने जाहीर केलेल्या रिकॉलची मोफत दुरुस्ती मात्र दोघांनाही मिळते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे आगरदांड्याच्या माणसाला मुंबई गाठण्याची गरज नाही, अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मालकाने आणि मेकॅनिकने काय करावे?

गाडी वारंवार तापत असेल तर प्रत्येक वेळची तारीख, किलोमीटर आणि केलेले काम एका वहीत लिहावे. गॅरेजची पावती घ्यावी, साध्या कागदावर असली तरी चालेल. कंपनीच्या वर्कशॉपमधील जॉबकार्डावर 'इंजिन तापते' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नये. तोंडी तक्रारीला आयोगापुढे वजन नसते.

रिकॉलचे बोलावणे आले तर आधी फोन करून सुटा भाग आला आहे का, ते विचारावे. अलिबाग, पेण किंवा पनवेलला जाऊन हात हलवत परत येणे म्हणजे एका दिवसाची कमाई बुडणे. गावात त्याच मॉडेलच्या चार गाड्या असतील तर चौघांनी मिळून वेळ ठरवावी. एकाच दोषाच्या चार तक्रारी एकदम गेल्या, तर त्यांचे वजनही पडते.

काटा वर गेला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंड भाजते. विहिरीचे पाणी अडचणीपुरते घातले तरी नंतर ते काढून योग्य कूलंट भरावे.

गॅरेजवाल्या बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी युक्ती सोडा आणि नव्या गाडीचे वायरिंग कापून स्वस्त हॉर्न-दिवे जोडू नका. नॅनोच्या वेळी कंपनीने बोट दाखवले ते अशाच जोडकामाकडे. इंजिन खोलण्याआधी गिऱ्हाइकाला चासी नंबर तपासून घ्यायला सांगा. त्या दिवशी हेडच्या कामाची मजुरी कदाचित जाईल, पण ते गिऱ्हाईक आणि त्याचे चार भाऊबंद पुढच्या प्रत्येक कामाला तुमच्याच दारी येतील.