गाव लहान, स्टेडियम महान

कॉम्प्युटरवर क्लब चालवायचे गेम खेळणाऱ्यांचं एक जुनं दुखणं आहे. पोरं जिंकतायत, स्टार फॉर्मात आहे, तरी गल्ला रिकामा. चूक पहिल्याच क्लिकला झालेली असते: शहर छोटं निवडलं!

'बास्केटबॉल जीएम' हा फुकटात ब्राउझरवर चालणारा गेम घ्या. इथे शहरांना लोकसंख्येनुसार क्रमांक असतात आणि न्यूयॉर्क अर्थातच वर. सोबत 0 ते 100 असा 'हाइप'चा आकडा. जिंकलात की तो चढतो, हरत राहिलात की न्यूयॉर्कलाही रिकाम्या खुर्च्या मोजत बसावं लागतं. त्यात खेळाडूंचे नखरे वेगळे. नवा करार पुढे केला की छोट्या शहराच्या नावाने नाक मुरडतात.

1999 पासून चालत आलेला 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' जास्त मुरलेला. तो बाजारपेठ, लोकांचा सध्याचा रस आणि त्यांची निष्ठा असे तीन हिशेब वेगवेगळे ठेवतो. निष्ठा दांडगी असेल तर पडत्या काळातही लोक लगेच पाठ फिरवत नाहीत. स्वीडनच्या 'हॅटट्रिक' या गेममध्ये मात्र शहराला विचारतो कोण? तिथे बघायचं ते चाहत्यांची संख्या आणि आभाळ. पाऊस आला की उघड्यावरची जागा कोणालाच नको असते, छपराखालची हवी असते. आपल्याला हे कोणी शिकवायला नको!

आता खऱ्या जगातली गंमत. अमेरिकेतल्या ग्रीन बेची वस्ती जेमतेम 1 लाख 7 हजार आणि तिथल्या लॅम्बो फील्ड स्टेडियमची क्षमता 81 हजारांवर. म्हणजे गावातल्या दर चार जणांमागे तीन खुर्च्या. हेच प्रमाण मुंबईला लावलं, तर 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 280 वानखेडे बांधावी लागतील! तिथे खेळणाऱ्या पॅकर्स संघाची सीझन तिकिटं 1960 पासून संपलेलीच असतात. बर्फ साचला की स्टेडियम साफ करायलाही गावातलीच माणसं फावडी घेऊन येतात, रोजावर.

फ्रान्सचं लाँस त्याहून वरचढ. एकेकाळचं खाणकामगारांचं हे गाव सुमारे 32 हजारांचं आणि स्टेडियम 38 हजारांचं. अख्खं गाव आत बसवलं, कडेवरच्या पोरांसकट, तरी खुर्च्या उरतील. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला सगळं मैदान खाणकामगारांवरचं एक गाणं गातं. हे गेमच्या कुठल्या कॉलममध्ये भरणार?

आणि उलटा मासला ओकलंडचा. भोवती लाखोंची वस्ती, पण 2022 मध्ये तिथल्या बेसबॉल संघाला सरासरी 10 हजार प्रेक्षकही मिळाले नाहीत. चांगले खेळाडू विकलेले, संघ दुसरीकडे हलवायच्या गोष्टी सुरू. लोक मालकावर खार खाऊन होते. 13 जून 2023 ला तेच चाहते ठरवून आले, 27,759 जण, आणि 'संघ विका' म्हणून ओरडले. गर्दी हाच निषेध! असा प्रसंग अजून तरी मला कुठल्या गेममध्ये भेटलेला नाही.

न्यूयॉर्क घेऊन जिंकणारे पैशाला पासरी आहेत. पुढच्या डावात तळाचं गाव घ्या, आणि पहिल्या मोसमात तिकिटाच्या दराला हात लावू नका.