कौत्साचे सोने आणि झेंडूचा भाव

विजयादशमीच्या सकाळी चारकोपच्या बाजारात घटकाभर उभे राहावे. तोरण प्रत्येक दाराला हवे, आणि तेही त्याच सकाळी. पाऊस लांबून झेंडू भिजला असेल, तर माल थोडा आणि मागणारे हात पुष्कळ! अशा वेळी विक्रेत्यांतील स्पर्धा संपते आणि ग्राहकांतील सुरू होते. शेजारीणच नकळत शेजारणीसाठी भाव चढविते. दुपार टळली, फुले कोमेजू लागली, की तोच झेंडू पडेल त्या भावाने विकला जातो.

टंचाईचे दुसरे अपत्य म्हणजे फसवणूक. आपटा दुर्मीळ झाल्यामुळे त्याच्या नावाने कांचनाची पाने खपविली जातात. पाने दिसायला सारखी; घेणारा घाईत!

हे दुखणे आजचे नव्हे. संगनमताने माल अडवून भाव चढविणाऱ्या व्यापाऱ्यांना कौटिल्याने 1000 पण दंड सांगितला आहे; नफ्याची मर्यादाही देशी मालावर शेकडा 5 व परदेशी मालावर शेकडा 10 अशी घातली आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा कायदा 1986 साली झाला. त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली. परंतु आपल्याच हव्यासाला कोणता कायदा आवरणार?

येथे आम्हांस कौत्स आठवतो. गुरू वरतंतूंना 14 कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या म्हणून तो रघुराजाच्या दारी आला. कुबेराने सुवर्णवृष्टी केली. राजा सर्व धन देऊ लागला. कौत्स गुरुदक्षिणेहून एकही मुद्रा अधिक घेईना. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात हे वर्णिले. लोकपरंपरेने ती वृष्टी आपट्यावर आणली. आपण पान लुटतो, पण कौत्साचा संयम झाडावरच राहतो!

संयमाला संघटनेची जोड हवी. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीचा मार्ग दाखविला. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याने चारकोपची वसाहत आखली गेली, तेव्हा लहान भूखंड सामाईक अंगणांभोवती मांडून सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्या अंगणातील बिऱ्हाडांनी आधी बेरीज करून फुले एकत्र आणली, तर आपसांतील चढाओढ आपोआप थांबेल.

वाचकहो, यंदा दाराला एकच तोरण लावा, देवापुढे एकच पान ठेवा. पण ते खऱ्या आपट्याचे असू द्या. गरजेपुरते घेणे हेच कौत्साचे सोने. ते लुटावे, आणि सीमोल्लंघन हव्यासाचे करावे!