‘यूए १३+’ म्हणजे नेमकं काय? सिनेमा आणि गेमचं वय देशागणिक का बदलतं?

समजा, २०२३चा अधिक श्रावण आहे. अधिक महिन्याचं वाण घ्यायला लेकी-जावई वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला माहेरी आले आहेत. घरात तीन मावसभावंडं जमली आहेत. एक कारंजातलाच, एक लंडनहून आलेली, एक जर्मनीहून आलेला. तिघंही तेरा वर्षांची. त्याच सुमारास क्रिस्टोफर नोलनचा ‘ओपनहायमर’ जगभर प्रदर्शित झाला आहे.

जर्मनीत या चित्रपटाला ‘१२’ ही खूण मिळाली होती, म्हणजे तिथला तेरा वर्षांचा मुलगा एकटा जाऊन तो पाहू शकत होता. ब्रिटनमध्ये ‘१५’ मिळालं, म्हणजे लंडनच्या मुलीला आईवडील सोबत असले तरी आत प्रवेश नव्हता. अमेरिकेत ‘आर’ मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांसोबत पालक किंवा मोठं माणूस हवं. भारतात ‘यूए’ मिळालं, म्हणजे कारंजातल्या मुलाला अडचण नव्हती. मात्र पडद्यावरच्या एका नग्न दृश्यावर संगणकाच्या मदतीने काळा पोशाख चढवलेला होता.

सिनेमा एकच, मुलांचं वयही एकच, तरी चार देशांची चार उत्तरं. यातला कोणता देश बरोबर, असा प्रश्न लगेच मनात येतो. पण हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. ते कोण देतं, कशाला घाबरून देतं आणि पाळायला कोण लावतं, हे कळलं की त्यांचा अर्थ लागतो.

भारतात आता कोणती प्रमाणपत्रं आहेत?

आपल्याकडे चित्रपटगृहात दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळाचं मुख्यालय मुंबईत आहे. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त १८ वर्षांवरील प्रौढांसाठी आणि ‘एस’ म्हणजे डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा ठरावीक वर्गासाठी. या दोन टोकांच्या मध्ये १९८३मध्ये ‘यूए’ आलं. बारा वर्षांखालच्या मुलांना हा चित्रपट दाखवायचा की नाही, ते पालकांनी ठरवावं, असा त्याचा अर्थ होता.

अडचण अशी होती की सहा वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एकाच रांगेत बसत होतं. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६मध्ये ‘यूए’चे वयानुसार भाग करण्याची शिफारस केली. शेवटी २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४च्या नियमांनी ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन गट आले.

‘यूए १३+’ असेल तर बारा वर्षांच्या मुलाला अडवतात का?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘यूए’पुढचा आकडा हा पालकांना दिलेला सल्ला आहे. २०२३च्या दुरुस्तीत हे स्पष्टच आहे की हा आकडा पालकांच्या माहितीसाठी असून तो पाळायला लावण्याचा अधिकार इतर कुणाला नाही. त्यामुळे ‘यूए १६+’ चित्रपटाला दहा वर्षांच्या मुलाला घेऊन कुणी गेलं, तर त्याला परत पाठवणं हे थिएटरवाल्याचं काम नाही.

भारतात कायद्याने खरा दरवाजा एकच आहे, ‘ए’चा. अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘ए’ चित्रपटाला बसू दिलं, तर तो चित्रपटगृह चालवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. आईवडील सोबत आहेत, ही सबब चालत नाही.

‘ए’ म्हणजे घाणेरडा सिनेमा?

‘ए’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण ते प्रमाणपत्र प्रेक्षकाचं वय सांगतं, चित्रपटाची लायकी सांगत नाही. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका आईची गोष्ट सांगतो. २०१७मध्ये गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या भारतीय विभागातून तो वगळला गेला आणि मोठा वाद झाला. २०१८मध्ये त्याच चित्रपटाला एकही कट न देता ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं. मोठ्यांनी पाहावा, मुलांनी थोडं थांबावं, एवढाच त्याचा अर्थ.

हा वाद किती जुना आहे?

इंग्रजांच्या काळात, १९१८च्या कायद्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. कारंजा तेव्हा वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात होतं. वऱ्हाडाला स्वतःचं बोर्ड नव्हतं, बाहेरच्या बोर्डाने पास केलेली रिळंच इकडे चालत. त्या बोर्डांना मुलांपेक्षा राज्याची चिंता अधिक होती. ‘यू’ आणि ‘ए’ अशी वयाची विभागणी १९४९च्या दुरुस्तीने आली.

ही विभागणी घटनेत बसते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका छोट्या माहितीपटामुळे. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि गरिबी त्यात समोरासमोर ठेवली होती. मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं असल्यामुळे त्याला ‘ए’ देण्यात आलं. अब्बास यांना ‘यू’ हवं होतं. सुनावणीच्या काळात सरकार ‘यू’ द्यायला तयार झालं, तरी अब्बास यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. १९७०मध्ये नागपुरात शिकलेले आणि तिथेच वकिली केलेले सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. चित्रपट आधी तपासणं आणि वयानुसार वेगळं करणं वैध आहे, मात्र कलेचा मान राखला पाहिजे आणि निर्मात्याला दाद मागता आली पाहिजे, असा त्याचा आशय होता. आजची सगळी प्रमाणपत्रं याच पायावर उभी आहेत.

प्रमाणपत्र देणं आणि कात्री लावणं यातली ओढाताण पुढेही चालू राहिली. २०१६मध्ये ‘उडता पंजाब’ला मंडळाने तेरा बदल सुचवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने एक कट ठेवून चित्रपट ‘ए’ प्रमाणपत्रासह मोकळा केला.

इतर देशांत दार कोण राखतं?

अमेरिकेत सरकारचा यात हातच नाही. चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेने १९६८पासून स्वतःच रेटिंग सुरू केलं आणि थिएटरवाले ते स्वेच्छेने पाळतात. तिथला ‘पीजी-१३’ हा गट तर भारतात घडणाऱ्या एका कथेमुळे जन्माला आला. १९८४च्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये अमरीश पुरी यांचा मोलाराम जिवंत माणसाचं काळीज हाताने उपसून काढतो. चित्रपटाला ‘पीजी’ मिळालं होतं, म्हणजे लहान मुलंही पाहायला येत होती. पालक चिडले. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी स्वतःच मधला एक गट सुचवला आणि त्याच वर्षी तो लागू झाला. ब्रिटनमध्ये याच चित्रपटातली दृश्यं ‘पीजी’ मिळावं म्हणून कापावी लागली होती.

ब्रिटनमध्ये मंडळ सरकारी नाही, पण अंतिम अधिकार स्थानिक नगरपरिषदेचा. २००२मध्ये ‘स्पायडरमॅन’ला ‘१२’ मिळालं, तेव्हा बच्चेकंपनी रडकुंडीला आली आणि काही परिषदांनी मंडळाचं न ऐकता लहानांना सोडलं. त्याच वर्षी मोठ्या माणसासोबत बारा वर्षांखालच्यांना जाऊ देणारं ‘१२ए’ आलं. ‘१५’ आणि ‘१८’ मात्र कडक आहेत.

जर्मनीत ०, ६, १२, १६ आणि १८ हे गट बालसंरक्षण कायद्याने बांधलेले आहेत. स्वीडनमध्ये सर्वांत वरचा आकडाच १५ आहे. सिंगापूरमध्ये तो २१पर्यंत जातो. चीनमध्ये चित्रपटांना वयोगटच नाहीत. पडद्यावर जे येईल ते सर्वांना चालणारं हवं, म्हणजे मुलांना न चालणारं मोठ्यांनाही पाहता येत नाही. वयोगटांचा एक फायदा इथे दिसतो. ते नसतील, तर उरते ती फक्त कात्री.

आकडे वेगळे का पडतात?

कारण प्रत्येक समाज वेगळ्या गोष्टीला बिचकतो. अमेरिकेत नग्नता आणि शिव्या दिसल्या की रेटिंग पटकन वर जातं, मारधाड त्यामानाने खपते. युरोपातल्या अनेक देशांत उलट आहे. नग्नतेकडे कानाडोळा होतो, क्रूर हिंसेला वरचा आकडा मिळतो. ‘ओपनहायमर’ जर्मनीत बाराव्या वर्षी चालतो तो यामुळेच. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. आकडा वाढवण्याऐवजी दृश्य बदलून घेण्याची सवय जुनी आहे. त्यामुळे भारतातलं ‘यूए’ आणि बाहेरचं ‘१५’ यांची तुलना करताना दोन्हीकडे दिसलेला सिनेमा अगदी तोच होता का, हेही पाहावं लागतं.

टीव्ही आणि ओटीटीचं काय?

मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये टीव्हीवर ‘ए’ चित्रपट दाखवायला मनाई केली. म्हणून ‘ए’ चित्रपट टीव्हीवर येतो तेव्हा तो काटछाट करून, नवं प्रमाणपत्र घेऊन आलेला असतो. थिएटरात पाहिलेला एखादा प्रसंग घरी दिसत नाही, त्याचं कारण हे.

ओटीटीवर मात्र मंडळ येत नाही. २०२१च्या नियमांनुसार कंपन्या स्वतःच मालिकेला वयोगट देतात. ‘यूए १३+’ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय, तर ‘ए’ला वय तपासण्याची व्यवस्था त्यांनी द्यायची असते. कुलूप कंपनी देते. ते लावायचं काम घरच्यांचं.

गेमचं वय कोण ठरवतं?

भारतात व्हिडिओ गेमसाठी सेन्सॉर बोर्डासारखं मंडळ नाही. मग प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ‘१२+’ किंवा ‘१६+’ दिसतं ते कुठून येतं? गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो: रक्त दिसतं का, जुगार आहे का, शिव्या आहेत का. त्या उत्तरांवरून एका आंतरराष्ट्रीय संस्थेची यंत्रणा प्रत्येक देशासाठी आकडा काढते. लाखो गेम माणसाने खेळून तपासणं शक्य नसल्यामुळे ही पद्धत आली.

अमेरिकेत गेमचं रेटिंग १९९४मध्ये सुरू झालं. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेमवरून तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि उद्योगाने घाईघाईने स्वतःचं मंडळ उभं केलं. युरोपात २००३पासून ३, ७, १२, १६, १८ असे आकडे आहेत.

पण गेमची गोष्ट सिनेमापेक्षा वेगळी आहे. सिनेमा अडीच तासांत संपतो. गेम संपत नाही, त्यात अनोळखी माणसं बोलतात आणि पैसेही जातात. ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ हा फुटबॉलचा गेम युरोपात बहुतेक ठिकाणी ‘३’ आहे, कारण त्यात रक्तपात नाही. जर्मनीने त्याला ‘१२’ दिलं, कारण त्यात पैसे देऊन आत काय निघेल ते ठाऊक नसलेली पाकिटं विकली जातात. ऑस्ट्रेलियानेही सप्टेंबर २०२४पासून अशा गेमना वरचा गट देणं सुरू केलं. चीनने २०२१मध्ये सरळ वेळच बांधली. अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच तास.

पबजीच्या वेळी आपल्याकडे काय झालं?

२०१९मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जाऊन पबजीवर बंदी मागितली. न्यायालयाने केंद्राला गेम तपासायला सांगितलं. सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली खरी, पण ती चिनी अ‍ॅपविरोधातल्या कारवाईत आणि सुरक्षेच्या कारणावरून. मुलांचा प्रश्न तिथेच राहिला. पुढे भारतासाठीची आवृत्ती आली, तीही मध्ये बंद झाली आणि २०२३मध्ये परतली, तेव्हा अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली होती. २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमविरुद्ध कायदा केला. साध्या गेमच्या वयाचा आकडा मात्र अजूनही प्रश्नावलीतूनच येतो.

मग हा आकडा वाचायचा कसा?

पहिलं, आकड्याशेजारचे शब्द वाचावेत. हिंसा, भीती, नशा, भाषा यांपैकी कशामुळे तो मिळाला, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. एखादं मूल मारामारी पाहून हसतं आणि भुताच्या सावलीने रात्रभर जागतं. त्याच्यासाठी ‘७+’ पुरेसं नाही.

दुसरं, गेमच्या बाबतीत ‘खरेदीची सोय’ आणि ‘इतरांशी संपर्क’ या ओळी आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. फोनला यूपीआय किंवा कार्ड जोडलेलं असेल, तर ‘३+’चा गेमही महाग पडू शकतो.

तिसरं, कुलूप लावावं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पालक नियंत्रण सुरू करून पिन ठेवला, की ठरवलेल्या वयावरचे गेम उतरवता येत नाहीत. ओटीटीवर मुलांचं प्रोफाइल वेगळं करता येतं आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. घरात एकच फोन आळीपाळीने फिरत असेल, तर हे आणखी गरजेचं. कारण तो फोन सगळ्यांना एकाच वयाचं समजतो.

थिएटरच्या दारात तिकीट पाहणारा माणूस असतो, तो निदान ‘ए’ला तरी अडवतो. कारंजातल्या त्या मुलाच्या हातातल्या फोनला असा दरवान नाही. तिथे आकडा बाहेरून येतो, पण ‘आत्ता नको, दोन वर्षांनी सोबत बघू’ हे घरातल्याच कुणीतरी सांगायचं असतं.