घामाला पुरून उरणारे घड्याळ

किनारपट्टीवरच्या कोणत्याही गावात जुनी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलात, तर पालथी ठेवलेली घड्याळे जरा निरखून पाहा. बहुतेकांची पाठ सारखीच दिसेल. मनगटाला टेकणाऱ्या भागावर बारीक खड्डे, कडेने काळपट-हिरवा थर, पट्टा अडकवायच्या कोपऱ्यांत मुलामा उडून उघडे पडलेले पितळ. ‘घामाने खाल्लं,’ एवढेच तो म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. आपल्या वडिलांच्या पिढीने वापरलेल्या एचएमटीच्या कितीतरी घड्याळांची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा अशी होती. आतले यंत्र आजही तेलपाणी केले की चालू लागते, पण केस गेलेली असते. मे महिन्यातल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत घड्याळाचा पहिला शत्रू घाम आहे, आणि रोज वापरायचे घड्याळ घेताना आपण त्याचा विचार सगळ्यात शेवटी करतो.

टायटॅनियमच्या डायव्हर घड्याळाची जाहिरात नेहमी खोल समुद्राच्या चित्रासोबत येते. माझे म्हणणे असे, की या घड्याळाचे खरे मोल जमिनीवर आहे, आपल्यासारख्या दमट हवेत तर जास्तच. त्यासाठी समोर ठेवले आहे ते ट्यूडर कंपनीचे पेलागोस ३९. पावसाळा आणि त्यानंतरचा ऑक्टोबरचा उकाडा मी ते मनगटावर बांधून काढला.

ट्यूडर हे नाव रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांच्यासाठी १९२६ साली नोंदवले गेले. रोलेक्सची विश्वासार्हता कमी किमतीत द्यायची, हा त्यामागचा हेतू. पुढे फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी ट्यूडरची घड्याळे अनेक वर्षे वापरली. तासकाट्यावरचा तो चौकोनी ठोकळा, ज्याला शौकीन ‘स्नोफ्लेक’ म्हणतात, १९६९ मध्ये कंपनीच्या डायव्हर घड्याळांवर प्रथम आला. पहिले टायटॅनियम पेलागोस २०१२ मध्ये आले. व्यास ४२ मिलिमीटर, पाणीरोधकता ५०० मीटर, शिवाय हेलियम बाहेर सोडणारी झडप. तेल-विहिरींवर काम करणारे पाणबुडे आठवडेच्या आठवडे दाबाखालच्या कोठडीत राहतात. तिथल्या हवेतला हेलियम घड्याळात झिरपतो आणि दाब उतरवताना काच उडवू शकतो. त्यासाठी ही झडप असते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या पेलागोस ३९ मध्ये ती नाही. व्यास ३९ मिलिमीटरवर आला, जाडी बारा मिलिमीटरच्या आत आली आणि पाणीरोधकता २०० मीटर झाली. पुष्कळ जाणकारांना ही पदावनती वाटली. मला यातच शहाणपण दिसते.

दोनशे मीटर म्हणजे नेमके किती, याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ‘दोनशे मीटर लिहिलेले घड्याळ पोहताना चालते, पण हात जोरात मारला की दाब कितीतरी वाढतो,’ असे दुकानदारसुद्धा सांगतात. हिशेब करून पाहू. सेकंदाला पाच मीटर या वेगाने हात पाण्यात मारला, तर गतीमुळे वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर जास्त खोल गेल्याइतका भरतो. हौशी स्कूबा डायव्हिंगची सर्वसाधारण मर्यादा ४० मीटर आहे. तारकर्लीच्या किंवा गोव्यातल्या ग्रँड आयलंडच्या पाण्यात पर्यटक उतरतो, तो त्याहून पुष्कळच वर असतो. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळाला लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली ठेवून पाहावे लागते, म्हणजे दोनशेचा शिक्का असेल तर अडीचशे मीटरच्या दाबाला. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणे, पट्टा जोराने ओढून पाहणे, अंधारात वेळ वाचता येते का हे तपासणे, याही परीक्षा त्यात आहेत. काचेभोवतीचे फिरते कडे, म्हणजे बेझल, चुकून ढकलले गेलेच, तर पाणबुड्याला पाण्याखाली झालेला वेळ जास्तच दिसावा, कमी कधीच नाही, म्हणून ते एकाच दिशेला फिरते. तेव्हा दोनशे मीटर हा आकडा माणसाच्या आयुष्यभराच्या गरजेला पुरून उरतो. उरलेले तीनशे मीटर कमी केल्याने मनगटावरचा गोळा पातळ झाला, शर्टाच्या बाहीखाली बसू लागला.

आता धातूकडे येऊ. टायटॅनियमचे पहिले घड्याळ जपानच्या सिटिझनने १९७० साली केले, त्याचे नाव एक्स-८ क्रोनोमीटर. हीच ती कंपनी, जिच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या घराण्याकडून आपण मनगटी घड्याळ बनवायला शिकलो, त्यानेच दहा वर्षांत नव्या धातूला हात घातला होता. डायव्हर घड्याळात टायटॅनियम आणण्याचा मान मात्र सेकोचा. १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातल्या एका पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिले, की तीनशे मीटरच्या कामात कोणतेच घड्याळ टिकत नाही, तुमचेही नाही. सेकोच्या अभियंत्यांनी त्यावर सात वर्षे घालवली. १९७५ मध्ये ६०० मीटरचे, टायटॅनियम केसचे घड्याळ बाजारात आले. त्या एका घड्याळासाठी वीस पेटंट घेतली गेली. तक्रारीच्या पत्राला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

हा धातू दुर्मीळ मुळीच नाही. त्याचे खनिज इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचे ऑक्साइड, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते. केरळमधल्या चवराची वाळू तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. जगात निघणाऱ्या या खनिजाचा फार मोठा भाग पांढऱ्या रंगद्रव्याच्या कारखान्यांत जातो, धातू त्यातून थोडाच होतो. कारण धातू वेगळा करणे जिकिरीचे आहे. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांच्या पद्धतीने खनिजाचे आधी क्लोराइड करायचे, मग ते आर्गॉनच्या वातावरणात तापलेल्या मॅग्नेशियमशी भिडवायचे. हवा लागली तर माल वाया. त्यातून निघतो स्पंजासारखा सच्छिद्र धातू, तो पुन्हा निर्वातात वितळवायचा. चवरा इथे हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर अवकाश कार्यक्रमासाठी असा स्पंज तयार करणारा कारखाना उभारला गेला. इतके करून हाती आलेला धातू लेथवरही त्रास देतो. उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे हत्याराची धार तापून जाते. आटे एकमेकांत घट्ट अडकून बसतात. टायटॅनियमचे घड्याळ महाग का, याचे निम्मे उत्तर या कष्टांत आहे.

एवढे सोसून मिळते काय? घनता ४.५, स्टीलची सुमारे ८. पेलागोस ३९ धातूच्या पट्ट्यासह शंभर ग्रॅमच्या जरा वर भरते. हलकेपणाचे कौतुक सगळेच करतात, पण मला जास्त जाणवला तो स्पर्श. तेवढ्याच आकाराच्या टायटॅनियममध्ये स्टीलच्या साधारण साठ टक्केच उष्णता मावते. त्यामुळे एसीच्या खोलीतून बाहेर पडले की ते पटकन अंगाच्या तापमानाला येते.

आणि घाम. घड्याळाचे चांगले स्टील ३१६एल या जातीचे असते. त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा त्याला गंजण्यापासून वाचवतो. पण पाठीचे झाकण आणि गॅस्केट यांच्या फटीत, पट्ट्याच्या शेवटच्या कडीखाली घाम साचून राहिला, तर तिथे प्राणवायू पोहोचत नाही, घामातले क्लोराइड तो पापुद्रा फोडते आणि फुटलेला पापुद्रा पुन्हा भरून येत नाही. खड्डे पडतात ते असे. टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचाच, पण क्लोराइडला दाद न देणारा. ओरखडा पडला तरी हवा किंवा पाणी लागताच तो लगेच पुन्हा तयार होतो. शिवाय ३१६एलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असते, पेलागोससाठी वापरलेल्या शुद्ध, ग्रेड दोनच्या टायटॅनियममध्ये ते नसते. मनगटावर पुरळ उठते म्हणून घड्याळ सोडून दिलेल्या माणसांनी या एका कारणासाठी तरी हा धातू वापरून पाहावा.

उणीव आहे ती कठीणपणाची. ग्रेड दोनचे टायटॅनियम विकर्स मापात दीडशेच्या आसपास येते, म्हणजे स्टीलइतके किंवा थोडे मऊच. लोकलच्या दांड्याला, कपाटाच्या कडेला घासले की करड्या रेघा उठतात. पेलागोसची केस सगळी ब्रश केलेली, मळकट करड्या रंगाची आहे, त्यामुळे रेघा तिच्यात मिसळून जातात. ज्यांना आरशासारखे चकचकीत घड्याळ हवे, त्यांनी इकडे वळू नये. नव्या पेलागोसच्या तबकडीवर आणि बेझलवर मात्र किरणांसारखी चमक आणली आहे, ती मला पटलेली नाही. जुन्या पेलागोसची सपाट काळी तबकडी उन्हात जास्त स्पष्ट वाचता येते, आणि अवजाराला तोच निकष लावायला हवा. अंधारात मात्र तक्रारीला जागा नाही. काटे, खुणा आणि बेझलवरचे आकडे निळसर प्रकाशात पहाटेपर्यंत वाचता येतात.

यंत्राबद्दल थोडक्यात. एमटी५४०० हे स्वयंचलित यंत्र ७० तास चालते. शुक्रवारी रात्री काढून ठेवले तर सोमवारी सकाळी चालूच असते. स्विस क्रोनोमीटर संस्थेची कसोटी दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची आहे, ट्यूडर स्वतःसाठी उणे दोन ते अधिक चार अशी ठेवते. केसासारखी बारीक स्प्रिंग सिलिकॉनची आहे. मोबाइल, लॅपटॉप, पर्सचे चुंबकी खटके यांच्या गराड्यात राहणाऱ्या घड्याळाला ती फार उपयोगी, कारण तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही.

पट्ट्याच्या खटक्यात पाच खाचा आहेत, त्यातून अवजाराशिवाय लांबी आठ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त करता येते. सकाळी सैल असलेले मनगट दुपारी उकाड्याने फुगते, तेव्हा हा खटका म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. पट्टा अडकवायच्या लगांमधले अंतर मात्र २१ मिलिमीटर आहे. बाजारात सहज मिळतात ते २० आणि २२ चे पट्टे, त्यामुळे बाहेरचा पट्टा शोधताना त्रास होतो.

आता किमतीची गोष्ट. पेलागोस ३९ अमेरिकेत ४,४०० डॉलरला बाजारात आले. या पैशांत उत्तम यंत्र आणि नेटके काम मिळते, पण वर सांगितलेले घामाचे आणि त्वचेचे फायदे त्या नावाशी बांधलेले नाहीत, ते धातूचे आहेत. सिटिझनचे ४१ मिलिमीटरचे प्रोमास्टर ‘फुजित्सुबो’ टायटॅनियमचेच, स्वयंचलित, २०० मीटरचे आहे. त्याची किंमत पेलागोसच्या पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याच्या धातूवर कठीण थर चढवलेला असतो. कंपनीच्या अशा थरांचा कठीणपणा विकर्स मापात हजारावर जातो. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लाँग रीफ किनाऱ्यावर सिटिझनचे एक जुने डायव्हर घड्याळ सापडले होते. त्यावर शिंपल्यांसारखे कवचधारी सागरी जीव वाढलेले होते, तरी ते चालत होते. फुजित्सुबोचे नाव आणि रूप त्यावरून घेतले आहे. अचूकता, पातळपणा आणि खटक्याची सोय यांत पेलागोस निश्चित पुढे आहे. ओरखडे आणि खिसा यांत सिटिझन.

माझा निर्णय असा: ज्याला एकच घड्याळ घेऊन वीस वर्षे वापरायचे आहे आणि पैशांची ओढाताण नाही, त्याने पेलागोस ३९ घ्यावे आणि पहिल्या ओरखड्याला हळहळू नये. बाकी सगळ्यांनी सिटिझन घ्यावे, त्यात काही कमीपणा नाही. दोन्हींपैकी कोणतेही घेतले तरी एक गोष्ट सांभाळा. धातू टिकतो, रबरी गॅस्केट टिकत नाही. गरम पाण्याची वाफ आणि साबण तिला लवकर म्हातारी करतात. अंघोळीच्या वेळी घड्याळ काढून ठेवा, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि दर वर्षी मिरगाच्या आधी दाबाची चाचणी करून घ्या. दुरुस्तीसाठी झाकण उघडले असेल, तर ती चाचणी झाल्याशिवाय घड्याळ ताब्यात घेऊ नका.