पारसाचा अधिपती आणि तारापूरचे पारशी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे राहतात, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत आणि रविवारी त्यांच्या लहानमोठ्या प्रार्थनासभा भरतात, यात वावगे काहीच नाही. वावगे वाटते ते एक विधान, जे पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला की प्रथम मोबाइलवर फिरणाऱ्या व्याख्यानांतून आणि मग डहाणू लोकलमध्ये शेजारी बसलेल्या सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून, दर वेळी वाढत्या आत्मविश्वासाने, ऐकावे लागते. विधान असे की, इराण हा देश सैतानाच्या अमलाखाली असल्याचे बायबलातच नमूद आहे, दानीएलाच्या ग्रंथातला ‘पारसाचा अधिपती’ तो हाच, आणि म्हणून त्या देशावर पडणारा प्रत्येक बॉम्ब म्हणजे भविष्यवाणीची पूर्तता होय. एखादा उत्साही तर तेथेही न थांबता तारापूरच्या अग्यारीकडे बोट दाखवतो, कारण पारशीही मूळचे तिकडचेच!

ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो तो उघडून पाहण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. दानीएलाच्या दहाव्या अध्यायाचा काळ ग्रंथातच दिलेला आहे : इराणचा सम्राट कोरेश, म्हणजे इतिहासातला सायरस, याच्या कारकिर्दीचे तिसरे वर्ष. कोरेशाने इ.स.पूर्व ५३९ मध्ये बाबेल घेतले, त्या हिशेबाने हे वर्ष सुमारे ५३६ येते. वृद्ध दानीएल तीन आठवडे मद्यमांस वर्ज्य करून शोक करीत आहे. तैग्रिस नदीच्या तीरी त्याला एक तेजस्वी दूत दर्शन देतो आणि विलंबाचे कारण सांगतो की, पारसाच्या राज्याच्या अधिपतीने आपल्याला एकवीस दिवस अडवून धरले होते, मीखाएल साहाय्यास धावला तेव्हा वाट मोकळी झाली, आता परत जाऊन त्या अधिपतीशी झुंजायचे आहे, आणि त्याच्यामागून ग्रीसचा अधिपती येणार आहे. प्रकरण एवढेच. त्यात इराणी प्रजेविषयी अवाक्षर नाही, आजच्या कोणत्याही राजवटीविषयी नाही, आणि बॉम्बविषयी तर नाहीच नाही.

या झुंजीत दानीएलाने काय केले, असे विचारावे तर उत्तर येते की, काहीही केले नाही. ती झुंज चालू असल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. एकवीस दिवसांची अडवणूक सरल्यावर, तीही दूताने सांगितली म्हणून, त्याला कळली. त्याने कोणत्याही अदृश्य सत्तेचे नाव घेऊन तिला हुकूम सोडला नाही, नकाशावर रेघा ओढल्या नाहीत, शत्रुराष्ट्राची यादी केली नाही. त्याने उपवास केला आणि प्रार्थना केली. शिवाय याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तो १२० सुभेदारांवर नेमलेल्या तिघा मुख्य कारभाऱ्यांपैकी एक आहे, आणि विरोधकांना त्याच्या दफ्तरात बोट ठेवायला जागा सापडत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या साम्राज्याचा अधिपती देवदूताची वाट अडवीत होता, त्याच साम्राज्याच्या चाकरीत हा भक्त इमानेइतबारे राहिला होता. त्याचे नाव घेऊन राष्ट्रद्वेष शिकवणाऱ्यांनी निदान त्याचे चरित्र तरी वाचावे.

दुसरी गोष्ट अशी की, अधिपती असणे हे एकट्या पारसाचे लक्षण नाही. परमेश्वराने राष्ट्रांच्या सीमा स्वर्गीय जनांच्या संख्येनुसार आखल्या, ही कल्पना अनुवाद ३२:८ मध्ये आढळते. प्रचलित हिब्रू पाठात येथे ‘इस्राएलाचे पुत्र’ असे शब्द असल्यामुळे हा अर्थ पुष्कळ काळ झाकला गेला होता. परंतु कुमरानच्या गुहांत मिळालेल्या प्राचीन तुकड्यात ‘देवाचे पुत्र’ असा पाठ आहे आणि जुन्या ग्रीक भाषांतरात ‘देवदूत’ असा आहे. खुद्द इस्राएलाचा अधिपती मीखाएल असल्याचे दानीएलच आपल्या ग्रंथाच्या त्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी ऐकतो. तेव्हा अधिपती आहे म्हणून राष्ट्र सैतानी ठरत असेल, तर पृथ्वीच्या पाठीवर एकही राष्ट्र या आरोपातून सुटणार नाही.

तिसरी गोष्ट कोरेशाची. यशया ४५:१ मध्ये परमेश्वर ज्याला आपला ‘अभिषिक्त’ म्हणतो, तो इस्राएलाचा कोणी राजा नसून हाच इराणी सम्राट आहे. एज्राच्या पहिल्या अध्यायात यहुद्यांना यरुशलेमेस परतून मंदिर बांधण्याचे फर्मान काढणाराही हाच. संशयी वाचकासाठी सांगतो की, १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत सापडलेला कोरेशाचा मृत्तिकालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि २०१३ च्या अखेरीस तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता. त्यात यहुद्यांचा वा यरुशलेमेचा नामनिर्देश नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु उद्ध्वस्त देवस्थानांची पुनःस्थापना आणि परागंदा लोकांची घरवापसी हे त्याचे धोरण त्या लेखात स्वच्छ दिसते. पारस म्हणजे सैतानाचे राज्य हे समीकरण बायबलालाच मान्य नाही, मग ते इतरांनी का मान्य करावे?

राहिले आमचे पारशी. दानीएलाने पाहिलेले साम्राज्य शिकंदराने इ.स.पूर्व ३३० मध्ये बुडवले. इराणचे शेवटचे जरथुष्ट्री साम्राज्य इ.स. ६५१ मध्ये संपले. आणि पारशांचे पूर्वज त्यानंतर संजाणला उतरले, आपला पवित्र अग्नी संकटकाळी त्यांनी बाहरोटच्या डोंगरात जपला. पुढे याच तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या बंधूंनी निजामाच्या मुलखात मक्ते घेतले, सावकारी केली, औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांना ‘पेस्तनशाही’ हे नाव मिळवून दिले आणि १८४७ साली सिकंदराबादेत अग्यारी बांधली. त्या पेढीच्या वहीखात्यांत दानीएलाच्या अधिपतीच्या नावे एखादी रक्कम जमा असल्यास ती दाखवून द्यावी. अन्यथा घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकू पिकवणाऱ्या त्यांच्या जातभाईंना सुखाने राहू द्यावे.

मग ही विपरीत समजूत आली कोठून? ती फार प्राचीन परंपरा असल्याचा डौल मिरवते, परंतु ‘प्रादेशिक दुरात्मे’ हुडकून त्यांच्याशी प्रार्थनेने लढावे, ही पद्धतशीर शिकवण १९८० आणि १९९० च्या दशकांत कॅलिफोर्नियातील फुलर धर्मविद्यालयाचे प्राध्यापक सी. पीटर वॅग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रचारात आणली. इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेत्यांच्या लोझान चळवळीच्या एका कार्यगटाने १९९३ साली लंडनला निवेदन काढून तिच्यातील धोके दाखवले : दुरात्म्यांचाच ध्यास घेतला की माणूस स्वतःच्या कृत्याची जबाबदारी टाळू लागतो, सत्यावरचा भर सुटून शक्तीवर येतो, आणि युद्धाची परिभाषा अन्यधर्मीयांना आक्रमक वाटते. म्हणजे हा आक्षेप बाहेरच्या टीकाकाराचा नसून श्रद्धावंतांच्या घरातलाच आहे.

राष्ट्रांची जी गत, तीच विचारांची. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल तटबंदी पाडण्याची भाषा करतो, तीवरून अमुक विचारसरणी म्हणजे सैतानाचा किल्ला, असे ठरवून लोक मोकळे होतात. पण पौल त्याच ठिकाणी आपली शस्त्रे दैहिक नाहीत असे सांगतो आणि पाडायचे ते तर्कवितर्क, असे म्हणतो. आणि तर्क पाडायचा तर वादच केला पाहिजे. मराठी मुलखात असे वाद झालेही : १८३१ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर समोरासमोर बसले, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भिडले, आणि दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे छापून वाचकांच्या हवाली केले. शीतयुद्धात साम्यवादाला कित्येक उपदेशकांनी ‘सैतानाची विचारप्रणाली’ ही पदवी बहाल केली. परंतु १९४५ साली तलासरीच्या झरी गावातून गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जे बंड केले, त्यामागची मागणी याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाशी ताडून पाहावी. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे तेथे लिहिले आहे. साम्यवादाचे दोष दाखवायचे तर खुशाल दाखवावेत, पण युक्तिवादाने.

आता किरकोळ गैरसमज, ज्यांना याहून अधिक जागा देण्याचे कारण नाही.

यहेज्केलाच्या ग्रंथातला गोग म्हणजे रशिया : १९०९ च्या स्कोफील्ड बायबलाच्या टिपांनी हे मत लोकप्रिय केले, चौथ्या शतकात अँब्रोजला तेथे गॉथ दिसले होते आणि सोळाव्यात ल्यूथरला तुर्क.

धुंदलवाडीचे भूकंप ही अंताची खूण : नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्याला बसलेले हे धक्के भूगर्भाचे आहेत, आणि मत्तयाचा चोविसावा अध्याय तर युद्धांच्या नि भूकंपांच्या वार्तांनी घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असेच बजावतो.

प्रकटीकरणातील अग्निवर्षाव म्हणजे तारापूरची अणुभट्टी : ते केंद्र १९६९ पासून वीज देते; त्याच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न असतील तर ते अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारावेत, योहानाला नव्हे.

वारल्यांचा वाघोबा हा भविष्यग्रंथांतला दुरात्मा : तेथे त्याचा उल्लेख नाही, आणि अथेन्स मूर्तींनी भरलेले पाहून व्यथित झालेल्या पौलाने एकही वेदी न मोडता ग्रीक कवींचे दाखले देत भाषण केले.

आध्यात्मिक युद्ध म्हणजे सशस्त्र युद्धाची तयारी : हा इतरांचा गैरसमज, इफिसकरांस पत्रातील शस्त्रसामग्री म्हणजे सत्य, नीतिमत्त्व, शांती, विश्वास, तारण आणि वचन, आणि झुंज रक्तमांसाच्या माणसांशी नाही, असे तेथे आरंभीच म्हटले आहे.

राष्ट्रांवरील अदृश्य सत्तांची चर्चा ज्यांना करायचीच आहे, त्यांनी स्तोत्रसंहितेतील ब्याऐंशीवे स्तोत्र काढावे. तेथे या सत्तांची देवाच्या दरबारात चौकशी होते आणि आरोपपत्रात देशाचे नाव, धर्माचे नाव, सीमेचा नकाशा यांपैकी काहीही नसते. दुबळ्याचा आणि पोरक्याचा न्याय का केला नाही, एवढाच सवाल असतो. हा सवाल लावून पाहायला तेहरानपर्यंत जाण्याची गरज नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, ती बोईसर-तारापूरच्याच जिल्ह्याच्या आजच्या हद्दीत; त्यांचा जाब कोणत्याही परकीय अधिपतीकडे मागता येणार नाही.