ताण साहेबाला जास्त की शिपायाला?

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी १९६७मध्ये सुरू झाली. ‘व्हाइटहॉल’ नावाने ती गाजली. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण बड्या अधिकाऱ्यांपेक्षा शिपाई-निरोप्यांत जवळपास तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही फरक उरलाच. १९८५पासूनच्या दुसऱ्या पाहणीत (त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते) एक धागा हाती लागला : स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं.

काउंटरवरची कारकून आठवा. सर्व्हर बंद, समोर रांग तापलेली, आणि पाणी प्यायला उठायचं तरी कुणाला तरी विचारायचं. तिला प्राणायामाचं शिबिर पुरणार नाही. कामाचा क्रम ठरवण्याची मुभा, आठवडाभर आधी कळलेली कामाची पाळी, हक्काची सुट्टी हे आधी हवं, आणि ते देणं व्यवस्थापनाच्याच हातात आहे.

झोप उडाली असेल, रोज कामावर जाताना छाती धडधडत असेल, तर अंगावर काढू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.